२००-५०० घरात असताना १००-४०० कशाला?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर द्यायचं सोडून नुसता हसायला लागलो. प्रश्न रास्तच होता. माझ्याकडे निकॉनची २००-५०० एमएम झूम लेन्स आहे (एमएम जितके जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं), २०१५ साली बाजारात आलेली, एफ ५.६ वाली (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), डीएसएलआरच्या जमान्यात घेतलेली. पुढे बॉडी, म्हणजे कॅमेरा, बदलून मिररलेस (आत आरसा नसलेली) झेड सिक्स-थ्री घेतली तेव्हा जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून तीच लेन्स चालू ठेवली. आणि मग डोक्यात झेड माउंटची, म्हणजे नव्या बॉडीला थेट बसणारी, १००-४०० शिरली. २०० ते ४०० हा पट्टा दोन्ही लेन्समध्ये आहेच. मग एवढे पैसे घालून पदरात काय पडणार, तर खालचे १०० ते २००. आमच्या ग्रुपमध्ये एक बँकवाला मित्र आहे, तो म्हणाला, "तेवढ्यासाठी जुनी ७०-३०० घे की कुठलीतरी. पैसे काय वर आलेत का?"

त्याचा हिशोब सरळ होता आणि मलाही बरेच दिवस तोच पटत होता. लेन्स निवडताना आपण सगळे तेच करतो. कागदावर आडवी रेघ ओढायची, तिच्यावर प्रत्येक लेन्सचा पट्टा मांडायचा, पट्टे एकावर एक आले की "वाया" म्हणायचं आणि मध्ये भोक राहिलं की कासावीस व्हायचं.

रेघेवर तीन उमेदवार होते. पहिली १००-४००, एफ ४.५ ते ५.६, २०२१ ची. दुसरी १८०-६००, एफ ५.६ ते ६.३, २०२३ ची. सगळे जिची शिफारस करत होते ती हीच, कारण ती जास्त लांब जाते आणि वर स्वस्तही आहे. हे नवख्या माणसाला पटत नाही, पण अमेरिकेत या दोन्ही जाहीर झाल्या तेव्हा १८०-६०० ची किंमत सुमारे १,७०० डॉलर होती आणि १००-४०० ची सुमारे २,७००. आपल्याकडे रुपयांत आकडे वेगळे, पण क्रम तोच. तिसरी ४०० एमएम एफ ४.५ प्राइम, २०२२ ची. झूम नाही, पण वजनाला हलकी आणि नावाजलेली. माझी जुनी २००-५०० धरली तर चार लेन्सा, आणि चौघींच्याही पोटात ४०० एमएम.

मी राहतो मुलुंडला. गाडी नाही, घ्यायची इच्छाही नाही. पक्षी-प्राण्यांच्या फोटोंसाठी माझे अड्डे ठरलेले. नॅशनल पार्क, म्हणजे बोरिवलीचं. गोरेगावचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्गशिक्षण केंद्र, सीईसी, लिंक रोडने बसने गेलं की फिल्म सिटीच्या मागच्या अंगाला. भांडुप पंपिंग स्टेशनची खाडीकडची बाजू. ऐरोलीहून सुटणारी फ्लेमिंगोंची बोट. कधीमधी शिवडी. वर्षातून एकदा जमलं तर ताडोबा. लोकल, बेस्ट, रिक्षा आणि रविवारी मेगाब्लॉक. हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईलच.

दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी मी लाइटरूम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर उघडलं. लायब्ररीत वरच्या पट्टीत मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबत नोंदलेल्या माहितीचा, फिल्टर असतो, त्यात फोकल लेंग्थचा रकाना लावला की कुठल्या एमएमवर किती फोटो काढलेत ते एका खाली एक दिसतं. आधी ठेवायच्या लायकीच्या फोटोंना तारे दिले होते, तेवढेच गाळून घेतले. म्हटलं, बघू तरी हा २०० ते ४०० चा मोलाचा पट्टा आपण किती वापरतो.

तो पट्टा जवळजवळ रिकामा निघाला. दोन्ही टोकांना ढीग होते, एक ५०० वर, एक २०० वर, आणि मध्ये तुरळक काहीतरी. २५०, ३२० असे आकडे दिसले तेसुद्धा झूम फिरवता फिरवता बटण दाबलं गेलेले. ज्या भागावरून सगळे वाद घालत होते तिथे मी फारसा जातच नव्हतो. पट्टे एकमेकांवर येतात की नाही याला काही अर्थ उरला नाही. खरा सवाल होता की दोन टोकांपैकी कुठल्या टोकाला मी भिंतीवर आपटतोय.

५०० च्या ढिगाकडे बघून कोणीही म्हणेल की याला ६०० हवी. मीही तेच म्हणालो असतो. पण तो ढीग एकेक करून उघडला आणि प्रत्येक फोटोला विचारलं, शंभर एमएम जास्त असते तर तुझं काय भलं झालं असतं?

इथे थोडं गणित. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. अंतर भागिले फोकल लेंग्थ, गुणिले सेन्सरची रुंदी, की त्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदीचा तुकडा मावतो ते कळतं. दहा मीटरवर तांबट पक्षी बसलाय. ५०० एमएमला फ्रेमची रुंदी ७२ सेंटीमीटर, तांबट साधारण १७ सेंटीमीटरचा, म्हणजे फ्रेमच्या चौथ्या हिश्शाहून जरा कमी. ६०० केली तर रुंदी ६० सेंटीमीटर, तांबट चौथ्या हिश्शाहून जरा जास्त. ४०० ला ९० सेंटीमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा. पाचशेवरून सहाशेवर गेल्यावर फरक पडतो, नाही असं नाही, पण तो वीस टक्क्यांचा. त्यापेक्षा झाडाला वळसा घालून तीन पावलं पुढे गेलं की जास्त मिळतं, अर्थात तांबट तोवर बसून राहिला तर.

उलट बाजूचंही गणित केलं. ४०० ला काढलेला फोटो ६०० च्या फ्रेमइतका कापला तर दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट क्षेत्रफळ जातं. माझी बॉडी साडेचोवीस मेगापिक्सेलची, उरतात अकराच्या आसपास. तीनशे डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) ए-फोर प्रिंटला पावणेनऊ लागतात, ए-थ्रीला साडेसतरा. घरी लावलेली माझी सर्वांत मोठी प्रिंट ए-फोर आहे. बाकी सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं जातं. ज्याच्याकडे ४५ मेगापिक्सेलची बॉडी आहे त्याला कापूनही वीस उरतात, म्हणजे त्याला तर ही चिंता अजूनच कमी. गंमत म्हणजे ६०० साठी सर्वांत जास्त जीव टाकणारे लोक त्याच बॉडीवाले असतात.

आणि ५०० च्या ढिगातले खूपसे फोटो खाडीवरचे. तिथलं दुखणं निराळं आहे. थंडीत भांडुपला सकाळी लवकर पोचलं तर तासभर हवा स्वच्छ मिळते. एकदा ऊन चढलं की चिखल तापतो, त्याच्यावरची हवा तापते, गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत घोळतात आणि त्यांतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. दूरचा शेकाट्या पक्षी फ्रेममध्ये थरथरतो. फोकस लागलेला असतो, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर असतं, तरी पिसांची रेघ उमटत नाही. लेन्स लांब केली की पक्षी मोठा होतो आणि त्याच्यासोबत ती थरथरही तितकीच मोठी होते. मुंबईतल्या हिवाळी धुरक्याचंही तेच. मधली दोनशे मीटर हवा खराब असेल तर काचेवर कितीही पैसे ओता. माझे ५०० चे नापास फोटो बहुतेक या कारणाने नापास होते. लेन्स आखूड पडली म्हणून नापास झालेले फार थोडे.

आता २०० चा ढीग. यात मला खरं नुकसान दिसलं. ऐरोलीची बोट घ्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. बोट सुटते ती भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर. पाणी पुरेसं असताना निघायचं आणि चिखल उघडा पडलेल्या कडेला फ्लेमिंगो चरत असतात तिथे जायचं. इंजिन मंद केलं की बोट थव्याच्या बऱ्यापैकी जवळ सरकते. तीस मीटरवर २०० एमएमला फ्रेमची रुंदी साडेपाच मीटरच्या आत. लेसर फ्लेमिंगोचे पंख पसरले की एकटाच मीटरभर जागा घेतो. थवा उडाला की मला मिळणार पाच-सहा पक्षी, कापलेल्या माना आणि अर्धवट पाय. शेजारी फोनवर व्हिडिओ काढणाऱ्या बाईंना अख्खा थवा, मागे ऐरोलीचा पूल, सगळं मिळतं. बोटीत मागे सरकायला जागा नसते. हे दुखणं मला दर हंगामात होत आलंय, फक्त मोजलं नव्हतं.

सीईसीत आणि नॅशनल पार्कात तेच, वेगळ्या तऱ्हेने. २००-५०० चं सर्वांत जवळचं फोकस २.२ मीटरवर. पावसाळ्यानंतर पायवाट अरुंद झालेली असते, दोन्हीकडे कारवी. समोर घाणेरीवर फुलपाखरू बसलंय, दीड मीटरवर. मागे जायचं तर पाठ कारवीत. लेन्स नुसती पुढे-मागे हुंगत राहते, फोकस मिळत नाही. १००-४०० चारशेवर असतानाही ९८ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते आणि प्रत्यक्ष आकाराच्या ०.३८ पट प्रतिमा देते. माझी लेन्स देते ०.२२ पट. ब्लू मॉरमॉन मोठं फुलपाखरू, ते दोन्हीत भरतं. पण दोन-तीन सेंटीमीटरच्या निळ्या फुलपाखरांना हा फरक मरण-जगण्याचा. १८०-६०० या बाबतीत माझ्याच लेन्सची बहीण: ६०० वर २.४ मीटर, ०.२५ पट.

ताडोबाबद्दल तर मोठा गैरसमज आहे. वाघ म्हटलं की लोक सर्वांत लांब लेन्स बांधून घेतात. जिप्सी रस्त्यावर, वाघही बऱ्याचदा रस्त्यावर किंवा कडेला. वीस मीटरवर ५०० एमएमला फ्रेमची रुंदी १ मीटर ४४ सेंटीमीटर. तेवढ्यात वाघाचं डोकं-खांदे येतात, बाकीचा वाघ बाहेर. आसपासचं जंगल, बांबू, पाणवठा यातलं काही नाही. माझ्याकडे वाघाचे पासपोर्ट फोटो बरेच आहेत.

तर इथवर १००-४०० चं पारडं जड झालं होतं. पण ४०० एफ ४.५ मनातून जात नव्हती, कारण तिचं वजन कॉलरसकट (लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी) १,२४५ ग्रॅम. तिचा निकाल एका साध्या भागाकाराने लावला. ४०० भागिले ४.५, उत्तर ८९, म्हणजे लेन्सच्या प्रकाशाच्या भोकाचा मिलिमीटरमधला व्यास. ५०० भागिले ५.६, उत्तर तेच, ८९. एकाच अंतरावर बसलेल्या एकाच पक्ष्याचा किती प्रकाश लेन्स गोळा करते ते या मिलिमीटरवर ठरतं. दोन्हींना फिल्टरही ९५ चाच लागतो. ४०० चा फोटो ५०० च्या फ्रेमइतका कापला तर नॉइज (फोटोतले दाणे) साधारण माझ्या लेन्सइतकाच दिसणार. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ १.४ पट करणारी जोडकाच) लावला तर ती होते ५६० एफ ६.३, म्हणजे जवळपास १८०-६०० चं लांबचं टोक. लेन्स उत्तम, ऑटोफोकस माझ्या जुन्या लेन्सहून कितीतरी चपळ, पण काम तेच करणार जे माझी लेन्स आधीच करतेय, फक्त हलकेपणाने. रेघेवर बघितलं तर ४०० प्राइम आणि २००-५०० यांचा एका बिंदूपुरताच संबंध. माझ्या हिशोबात मात्र चौघींतल्या सर्वांत जास्त सारख्या याच दोघी.

१८०-६०० ला न वापरता बाद करणं बरोबर वाटेना, म्हणून शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणली. आधार कार्डाची प्रत, डिपॉझिट, सोपस्कार झाले. लेन्स हातात घेतली आणि पहिल्या तासात विरघळलो. झूम आतल्या आत होतो, नळकांडं बाहेर येत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही. झूमची रिंग एवढीशी फिरवली की १८० वरून थेट ६००. माझ्या २००-५०० ला तेच करायला मनगट दोनदा पकड बदलतं. भांडुपला सकाळच्या स्वच्छ हवेत मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी आला, त्याच्यामागे फोकस चिकटून राहिला. अ‍ॅडॅप्टरवरच्या जुन्या लेन्सने तो मध्येच सोडून मागची झाडी धरली असती. त्या तासात काढलेले फोटो माझ्या ५०० च्या फोटोंहून निःसंशय चांगले. नऊनंतरचे दोन्ही सारखेच मऊ.

मग घरी यायची वेळ झाली. ही लेन्स साडेएकतीस सेंटीमीटर लांब, आणि झूम आतला असल्याने आवळून लहान होत नाही. बॉडी लावली की माझ्या रोजच्या सॅकमध्ये उभी बसत नाही, आडवी बसत नाही, तिरकी घातली की चेन लागत नाही. कॉलरसकट २,१४० ग्रॅम, वर ७६० ची बॉडी. भांडुप स्टेशनला मेगाब्लॉकमुळे स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवर, फलाटावर ही गर्दी. मोठी बॅग पोटाशी धरून दारात उभा राहिलो तेव्हा मागचे एक काका म्हणाले, "तोफ आहे का आत?" मुलुंड आलं तेव्हा उतरलो नाही, लोटला गेलो.

१००-४०० मिटवल्यावर २२ सेंटीमीटर, कॉलरसकट १,४३५ ग्रॅम. ती डब्याशेजारी, छत्रीशेजारी, ऑफिसच्या सॅकमध्ये राहते. माझ्यासारख्याला हे कलम स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात सर्वांत वर छापायला हवं. लेन्स आपल्यासोबत असण्याची शक्यता किती, ते तिच्या लांबीवरून ठरतं.

२००-५०० विकून टाकायची की ठेवायची हे ठरवायला बोरा बाजारात गेलो. सीएसएमटीहून बाहेर पडून त्या गल्लीत शिरलं की कॅमेऱ्याची दुकानं लागतात आणि जुन्या मालाचा भाव तिथे तोंडावर कळतो. काउंटरवरच्या माणसाने लेन्स उचलली, टॉर्च मारला, कॉलर फिरवून बघितली. "माल एकदम साफ आहे साहेब," म्हणाला आणि आकडा सांगितला. तो ऐकून मी लेन्स परत पिशवीत घातली. त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळेच मिररलेसवर चाललेत, डीएसएलआरच्या लेन्सा ढिगाने येतात आणि गिऱ्हाईक कमी. पण त्या पैशांत मला ५०० एफ ५.६ दुसरी कुठलीच मिळणार नव्हती. विकून जेवढे येणार त्याहून घरात ठेवून तिचा उपयोग जास्त. दोन लेन्सांचा पट्टा एकमेकांवर येतो म्हणून एक विकलीच पाहिजे असं काही नाही. विकल्यावर हातात काय येतं तेही बघावं लागतं.

म्हणजे नवी १००-४०० घ्यायची तर जुनीच्या पैशांचा टेकू नाही. मग सेकंडहँड शोधणं आलं. ठाण्याच्या एका काकांकडे होती. फोनवर म्हणाले, "घरी या, चहा घ्या, हवी तेवढी तपासा, मग ठरवा." विकायचं कारण विचारलं तर सांगितलं की १८०-६०० घेतली, आता दोन कशाला.

तपासायला मी बॉडी, टॉर्च आणि एक जुना पेपर घेऊन गेलो होतो. सेकंडहँड लेन्स बघताना लोक पुढच्या काचेवरचे ओरखडे शोधतात. त्यांनी फारसं बिघडत नाही. मुंबईत शोधायची ती बुरशी. खोलीतला दिवा घालवला, दोन्ही टोपणं काढली, मागून टॉर्च तिरका धरला आणि पुढून आत बघितलं. बुरशी असेल तर काचेच्या कडेपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सरकताना दिसतात. धुळीचे दोन-चार कण होते, ते बाहेर येणाऱ्या झूमच्या लेन्समध्ये असतातच. धागे नव्हते. मग झूमची रिंग अगदी हळू फिरवली, रेती शिरली असेल तर बोटांना करकर जाणवते. लेन्स उभी धरून नळकांडं आपोआप घसरतं का पाहिलं. माउंटचे, कॅमेऱ्याशी संपर्क जोडणारे सोनेरी टिपके पुसून पाहिले. वरचा छोटा डिस्प्ले लागतो का, सगळी बटणं कॅमेऱ्यात काम करतात का. शेवटी पेपर भिंतीवर सरळ चिकटवला आणि १००, २००, ४०० ला अ‍ॅपर्चर (प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं ठेवून फोटो काढले. चारही कोपरे मोठे करून बघायचे. चारही सारखेच जरा मऊ असले तर चालतं. एकच कोपरा बाकी तिघांहून भुरकट असेल तर आतली काच सरकलेली, लेन्स कधीतरी पडलेली. चारही सारखे आले. बिलावरचा नंबर आणि लेन्सवरचा नंबर जुळवला.

हे सगळं चालू असताना काका शांतपणे चहा पीत होते. मी विचारलं, "तुम्हाला १००-४०० ची उणीव नाही भासणार?"

"अहो, मी गाडीतून उतरतोच कुठे! गुडघे गेलेत. खिडकीवर बीनबॅग ठेवायची, लेन्स तिच्यावर टेकवायची, बसायचं. गुजरातेत वेळावदरला हॅरिअर, कच्छच्या रणात ससाणे. मला लांब हवी, वजन गेलं चुलीत."

त्यांच्याही लेन्सांचा पट्टा १८० ते ४०० एकमेकांवर येत होता. त्यांनी एक काढली, मी दोन्ही ठेवल्या, आणि दोघांचाही हिशोब आपापल्या जागी चोख होता. घासाघीस थोडी झाली. त्यांनी वर एक ७७ चा फिल्टर दिला. ठाणे ते मुलुंड लेन्स सॅकमध्ये, दप्तरासारखी पाठीवर.

त्यानंतरच्या हंगामात बोटीवर काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ओहोटी लागलेली, थवा डाव्या बाजूला. मी १३५ च्या आसपास होतो. उडाले तेव्हा पुढचे पक्षी पाण्यावरून धावत होते, मधले नुकतेच उचललेले, मागचे अजून मान खाली घालून चरत होते. उड्डाणाच्या तिन्ही अवस्था एका फ्रेममध्ये, मागे धुरकट इमारती. त्यातला एखादा पक्षी ४०० करून टिपायलाही वेळ मिळाला, कारण रिंग फिरवताना हात आखडला नाही.

नॅशनल पार्कात पावसाळ्यात मात्र दोन्ही लेन्सा सारख्याच रडतात. कान्हेरीच्या वाटेवर झाडीखाली तिबोटी खंड्या दिसला तर एफ ५.६ ला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास येतं. व्हीआरने हाताचा कंप सावरला तरी पक्ष्याने मान हलवली की फोटो गेला. तिथे ४०० एफ ४.५ असती तर आयएसओ ४००० वर आला असता. म्हणजे जन्म बदलला नसता, जरा बरं झालं असतं, एवढंच. तिथे मोनोपॉड (एकपायी स्टँड) आणि एका दमात काढलेल्या दहा-दहाच्या बर्स्टमधला एक स्थिर फोटो, हाच उपाय मी धरलाय.

दोन लेन्सा ठेवण्याचा एक खर्च कोणी सांगत नाही. जी रोज बाहेर जाते तिला बुरशी सहसा धरत नाही. कपाटात झोपलेलीला धरते. जूनमध्ये मुंबईची दमट हवा बॅगेतल्या फोमात जाऊन बसते. २००-५०० आता वर्षातले बरेच महिने घरी असते, म्हणून ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्यावं लागलं. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवलीय. फार कोरडं ठेवलं तर रबर आणि वंगणाला त्रास. बायको म्हणते, घरातल्या धान्याला हे भाग्य नाही.

२००-५०० बाहेर निघते ती थंडीत, भांडुपसाठी, उजाडता उजाडता पोचायचं असेल तेव्हा. अ‍ॅडॅप्टर आणि बॉडीसकट सव्वातीन किलोच्या आसपास जाते, तेव्हा त्या दिवशी डबा, छत्री सगळं घरी. बँकवाला मित्र तिच्यावर डोळा ठेवून आहे. "विकणार नसशील तर भाड्याने दे," म्हणतो. त्याला ताडोबाला न्यायचीय, वाघासाठी. मी १००-४०० घेऊन जा म्हटलं, तर त्याला वाटतंय मी लांब लेन्स लपवतोय.

आता एक गोष्ट बाकी आहे. ओळखीच्या एकाचा १.४ चा टेलिकन्व्हर्टर १००-४०० ला लावून पाहिला. होते १४०-५६०, लांबच्या टोकाला एफ ८. भांडुपच्या सकाळच्या उन्हात फोकस नीट धरतो, पिसंही उमटतात. एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो तो थंडीच्या उन्हात सोसतो, झाडीत सोसणार नाही. तो कन्व्हर्टर घेतला आणि एक अख्खा हिवाळा त्याच्यावर काढला, तर २००-५०० ला घरात राहायला कारण उरत नाही. पण तोवर बोरा बाजारातला तो आकडा अजून खाली गेलेला असणार, आणि कन्व्हर्टर काही फुकट येत नाही. त्यामुळे या थंडीत तरी जुनीच काढतोय. कन्व्हर्टर सेकंडहँड आला तर बघू. ठाण्याच्या काकांना सांगून ठेवलंय.